गिधाडे गेली, कुत्री वाढली

शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळीचा धडा असतो. गवत टोळ खातो, टोळाला बेडूक, बेडकाला साप. गवत उत्पादक, बाकीचे भक्षक. मुले परीक्षेपुरते पाठ करतात. पण मेलेल्याचे पुढे काय होते, हे धड्यात घाईने उरकलेले असते. खरे म्हणजे तिथे दोन प्रकारचे कामकरी राबतात. मेलेली जनावरे खाऊन टाकणारे ते मृतभक्षक. उरलेसुरले कुजवून त्याची माती करणारे जिवाणू आणि बुरशी, ते विघटक. त्याच मातीतून पुन्हा गवत उगवते. सजीव, माती, पाणी, हवा यांचा हा एकत्र संसार म्हणजे परिसंस्था.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावात ढोर मेले की ते ओढण्याचे काम कोणाच्या माथी मारलेले होते, हे वेगळे सांगायला नको. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले होते. त्या काळी कातडे सोलून झाले की हाडकीवर गिधाडांचा थवा उतरे आणि तासाभरात नुसता सांगाडा उरे. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके तीव्र की सडके मांस पचते आणि त्यातले बहुतेक रोगजंतूही मरतात. एवढी स्वच्छता, तीही फुकट!

पुढे गिधाडे दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवहून अधिक संपली. कारण २००४ साली उघड झाले, तेही पाकिस्तानातील संशोधनातून. डायक्लोफिनॅक! अंगदुखीवर माणसे घेतात तेच औषध. आजारी गुराला ते टोचायचे, गुरू मेले तर औषध मांसात राहायचे आणि खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी व्हायची. शंभर मढ्यांपैकी एखाद्यात औषध असले तरी पुरे, कारण एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो.

एकाच अन्नावर दोघांचा डोळा असला की त्याला स्पर्धा म्हणतात. गिधाडे गेली तसा कुत्र्यांचा प्रतिस्पर्धी गेला. मढी त्यांच्या वाट्याला आली, त्यांची संख्या वाढली. कुत्र्यांना गिधाडांसारखे साफ करता येत नाही. उरलेले सडते, पाण्यात उतरते. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २००५ या काळात यामुळे देशात सुमारे ५ लाख माणसे जास्त मेली. त्यात कुत्रा चावून होणारा रेबीजही आला.

रेबीज एकदा अंगात भिनला की जवळजवळ कोणी वाचत नाही. म्हणून मायबहिणींनो, मुलाला कुत्रा चावला तर जखमेवर चुना, हळद, मिरची भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सुया ठरल्या तारखांना सगळ्या घ्या. जखम भरली म्हणून मध्येच सोडू नका.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. गिधाडांना घातक ठरलेली किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक ही औषधे २०२३ साली बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध मिळते. घरी गाय-म्हैस असेल तर डॉक्टरांकडे तेच मागावे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि त्यातले पिल्लू स्वतः अंडी घालण्याजोगे व्हायला पाचेक वर्षे लागतात.