सायकलवाले येतात त्या वाटा : मोरजी ते केरी, आणि पलीकडे वेंगुर्ल्यापर्यंत

गेल्या तीन-चार हंगामांत जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली आपल्या किनाऱ्यावर दिसायला लागल्या आहेत. बेळगावहून चोर्ला घाट उतरून येणारे आहेत, कोल्हापूर-पुण्याचे आहेत, परदेशीही आहेत. पहाटे पाच-साडेपाचला आपण होड्या लोटत असतो तेव्हा डोक्याला दिवा बांधून हे लोक वाळूवर हजर! पेजच्या इनबॉक्समध्ये त्यांचे प्रश्न येतात : ओहोटी किती वाजता, व्हाळ ओलांडता येतो का, तेरेखोलची फेरी सुरू आहे का. आणि आपल्या सभासदांच्या तक्रारीही येतात : सुकत घातलेल्या जाळ्यावरून सायकल गेली, रापणीच्या दोरीत माणूस अडकून पडला. म्हणून दोघांनाही उपयोगी पडेल असं एकदा सविस्तर लिहितो आहोत.

आधी ओहोटीचं, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. सायकल चालते ती ओल्या, घट्ट वाळूवर. भरतीच्या वेळी वर जी कोरडी भुसभुशीत वाळू उरते, तिच्यात कितीही महागाचा टायर रुततो. मोबाईलमध्ये वेळा मिळतात, पण आपल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे : तिथीला पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती, आणि सहा तास मागे, पहाटे पाच-सव्वापाचला ओहोटी, म्हणजे आपली सुकती. रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. द्वितीयेला सकाळी साडेसात, चतुर्थीला नऊ. वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण फिरायला निघणाऱ्याला तेवढं पुरे. थोडक्यात, सकाळी वाळूवरून जायचं तर पौर्णिमा-अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस धरा. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब उतरतं आणि रस्ता रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओहोटी दुपारी बाराला आणि तीही अर्धवट. त्या दिवशी उन्हात वाळूवर सायकल ढकलणाऱ्यांना बघून बायका हसतात, त्याचं कारण हेच.

किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला टप्पा आश्वे ते हरमल. आश्व्याचे खडक मागे टाकले की मांद्रे, पुढे जुनस, मग हरमल, जवळजवळ सलग वाळू. मध्ये मांद्र्याचा व्हाळ किनाऱ्याला समांतर वाहतो. त्याच्यावर लाकडी साकव आहेत, तिथे उतरून सायकल हातात धरायची. व्हाळाचं तोंड दरवर्षी पावसानंतर जागा बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा मोबाईलमधला नकाशा धरून पाण्यात घालू नका. तिथे वाळू वरून घट्ट दिसते आणि खाली चिखल असतो.

सुरुवात मोरजीच्या टेंबावरून करायची अनेकांची इच्छा असते, कारण शापोराचं मुख तिथे दिसतं. आमचा सल्ला : करू नका. टेंबावर कासवं अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडले, आपण नुसतं कासव म्हणतो. नोव्हेंबर ते एप्रिलपर्यंत त्यांचा काळ असतो, वन खात्याची माणसं घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करतात, आणि अंडं फुटायला दीड-दोन महिने लागतात. पिल्लं रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. डोक्यावरचा दिवा त्यांना समुद्राऐवजी तुमच्याकडे ओढतो. चाकाची खोल चाकोरीसुद्धा त्या दोन बोटांच्या जिवाला खंदकासारखी. एकेकाळी आपलीच माणसं ही अंडी काढून विकायची, हे सगळ्यांना माहीत आहे. नंतर त्याच गावातली पोरं राखणदार झाली. मोरजीने हे काम केलंय, तेव्हा पाहुण्यांनी तेवढं पाळावं. दिवसासुद्धा टेंब सोडून आश्व्याहून निघा.

आता रापण. काही वाड्यांवर ती अजून ओढली जाते. बाहेरच्या माणसाला किनाऱ्यावर दोन रांगा दिसतात, मधे मोकळी जागा, आणि वाटतं मधून जावं. त्या दोन रांगांच्या हातात दोन दोऱ्या असतात, समुद्रातून ताणलेल्या, गुडघ्याच्या उंचीवर. सकाळच्या कोवळ्या उन्हात दिसत नाहीत. अडकून पडलात तर तुमचं नाक फुटेल, ते दोन दिवसांत बरं होईल. पण ताण सुटला तर खालून जाळं उचललं जातं आणि तीन तासांची मेहनत बांगड्यासकट परत समुद्रात. म्हणून शेवटच्या माणसाच्या मागून, उतरून, चालत जायचं. घंटी वाजवून वाट मागू नका. हात द्यायची इच्छा असेल तर सायकल आडवी टाका आणि दोरी धरा. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, आणि कालवणापुरती मासळी बहुधा हातात पडते.

मागून जायचं म्हणजे टेकड्यांवरून जायचं नाही, हेही लगेच सांगतो. वाळूच्या टेकड्या, ज्यांवर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा असतात, त्या सीआरझेडच्या कायद्यात सगळ्यात कडक वर्गात येतात, कासवांच्या जागेसारख्याच. उतारावरून सायकल सोडायला मजा येते, मान्य. पण वेल एकदा चाकाने तुटली की वारा तिथून वाळू उचलतो आणि पुढच्या पावसात समुद्र त्याच खिंडीतून आत येतो. त्या टेकडीमागे आपले मांगर आहेत. गाड्या किनाऱ्यावर घालायला गोव्यात बंदी आहेच. सायकल हलकी म्हणून तिला सगळं माफ, असं समजू नये.

हरमलहून पुढे वाळू संपते. गोड्या पाण्याच्या तळ्याजवळून डोंगरावर पायवाट चढते आणि सड्यावरून केरीला उतरते. चढ दगडी आहे, बहुतेकांना सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वर मात्र जांभ्याचा मोकळा सडा, एका बाजूला समुद्र, वाऱ्याचा दिवस असेल तर पॅराग्लायडिंगवाले. ऑगस्ट-सप्टेंबरला या कातळावर बोटभर उंचीची फुलं येतात, निळी-जांभळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद. तेव्हा मळलेल्या वाटेवरूनच चाक न्यायचं. जून-जुलैत, होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा, किनाऱ्यावर कोणी सायकल घालू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, आपण समुद्राजवळ जात नाही, पाहुण्याने का जावं? त्या दिवसांत सडा आणि आतले रस्ते बरे.

याच वाटेवरून आम्हाला सभासदांशी बोलायचं आहे. समुद्रावर उतरणाऱ्या आपल्या पाणंदी आणि सड्यावरच्या पायवाटा एकेक करून अरुंद होत चालल्या आहेत. कुठे कुंपण, कुठे फाटक, कुठे नुसता 'खासगी मालमत्ता' असा फलक. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या जमिनीकडे कोण कोण कसं बघतंय, हे सांगायला नको. जी वाट रोज चालली जाते ती बंद करायला माणूस दोनदा विचार करतो. आपली पोरं आता मोटरसायकलने रस्त्यावरून जातात, बायका टोपल्या टेम्पोत घालतात, आणि वाटेवर गवत वाढतं. अशा वेळी दर रविवारी दहा सायकली त्या वाटेवरून गेल्या आणि त्यांच्या मोबाईलमध्ये तारखेसकट नोंद राहिली, तर ते आपल्या फायद्याचं आहे. काही सभासदांनी 'सायकलवाल्यांना बंदीच घाला' असा सूर लावला होता. आमच्या मते तो चुकीचा आहे. त्यांना शिस्त सांगा, वाट दाखवा. हाकलू नका.

आत वळायचं असेल तर आगरवाडा-चोपड्याच्या बाजूला मिठागरं आणि खाजनाचे बांध आहेत, पुढे पार्से, तुये, कोरगाव. रस्ता सपाट, सावली भरपूर, कुटुंबासह येणाऱ्यांना हा भाग बरा. बांधावर मात्र विचारून चढा. बांध चिकणमातीचा असतो, ओला असताना टायरने चर पडला तर तिथूनच पाणी झिरपायला लागतं, आणि खारं पाणी शेतात शिरलं तर खाऱ्या जमिनीत तगणारं आपलं कोरगुट भातसुद्धा बसतं. मानशीजवळ जाळं लावलेलं दिसलं तर तिथल्या मासळीचा लिलाव झालेला असतो, फोटोसाठी फळ्या हलवू नका.

लांब जाणाऱ्यांसाठी केरीची फेरी. नदी ओलांडली की तेरेखोल, नदीच्या पलीकडे असूनही गोव्यातच. किल्ला मुळात सावंतवाडीकरांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला. पुढे चढ, मग रेडीचा यशवंतगड, शिरोडा, आरवली, मोचेमाड आणि वेंगुर्ले. फेरीपासून साधारण तीस किलोमीटर, पण चढउतार असे की पायांना ते चाळीस वाटतात. शिरोड्याला मिठागरं लागतात, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. आरवलीला वेतोबाच्या देवळाजवळ पाणी भरून घ्या, मोचेमाडच्या चढाआधी. ओहोटीला फेरीच्या वेळा धक्क्यावर विचारून घ्याव्यात आणि परतीची शेवटची फेरी कधी तेही. ती चुकली तर वळसा घालून यावं लागतं, आणि रात्री त्या वळणांवर सायकल चालवणं शहाणपणाचं नाही.

एक कामाची गोष्ट, जी सायकलवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त कळते : खारं पाणी लोखंड खातं. इंजिनाला आपण रोज गोडं पाणी मारतो, तसंच सायकलच्या साखळीला त्याच दिवशी मारा, पुसा, मग तेल. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर साखळी लाल झालेली दिसेल. सोसायटीच्या शेडमागे नळ आहे, तिथे धुवायला हरकत नाही. नाष्ट्याला वाडीत दोन-तीन घरी पेज, भाकरी आणि तळलेली मासळी मिळते, आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं. सकाळी अचानक आठ माणसं दारात आली तर घरातल्या वहिनीने मासळी आणायची कुठून? ज्या सभासदांच्या घरी अशी सोय करता येईल त्यांनी शेडवर नाव द्यावं. सायकली लावताना जाळी सुकत घातलेली जागा सोडा. काल एकाने स्टँड नेमका मगरीवर टेकवला, आणि जाळं शिवणाऱ्या आजोबांनी त्याला सुई-दोरा हातात देऊन शेजारी बसवला. अर्ध्या तासात दोन डोळे शिवून झाले, तेही वाकडे.