ओवीतून जवळ येणारा ख्रिस्त

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत श्रावणात ज्ञानेश्वरीचे पारायण होते. एकदा शेजारच्या काकूंनी विचारले, "तुमच्यात असतं का हो असं काही?" मी म्हणालो, "मिस्सा असते, रोज संध्याकाळी जपमाळ असते." उत्तर खरे होते, पण अपुरे. ओव्यांचे श्रवण आम्हा कॅथलिकांतही होते, तेही चारशे वर्षांपूर्वी.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निवर्तले. त्यांचे बरेचसे आयुष्य दक्षिण गोव्यातील साष्टीत गेले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र.

ग्रंथाच्या आरंभी धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न मला फार बोचतो. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. भक्तीची भाषा हिरावली गेलेला माणूस इथे बोलतो आहे आणि ग्रंथकर्त्याने त्याचे गाऱ्हाणे दडपलेले नाही.

नुसती शिकवण हवी असती तर प्रश्नोत्तरी पुरली असती. स्टीफन्स यांनी तीही कोंकणीत लिहिली. 'दौत्रिन क्रिस्तां' १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. पण देवाविषयी माहिती असणे वेगळे आणि त्याच्या सहवासात राहणे वेगळे. कॅथलिक साधनेचा सारा भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

स्टीफन्स ज्या परंपरेत घडले, तिचे प्रवर्तक संत इग्नेशियस लोयोला. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ च्या पुस्तकातली रीत साधी आहे. शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्यायचा, समजा बेथलेहेमचा गोठा. तिथे आपण उभे आहोत असे मनात आणायचे. कोण काय करते ते पाहायचे, काय बोलते ते ऐकायचे. घाई करायची नाही. एखाद्या ठिकाणी मन रमले तर तिथेच थांबायचे. शेवटी मित्र मित्राशी बोलतो तसे ख्रिस्ताशी बोलायचे, अगदी तक्रारसुद्धा करायची. रात्री दिवसाचा आढावा: आधी आभार, मग चुका, मग उद्याचा निश्चय. मिस्सा, ख्रिस्तप्रसाद आणि पापनिवेदन हा या साधनेचा कणा. तो नसेल तर ध्यान म्हणजे आपलेच आपल्याशी बोलणे होण्याची भीती असते.

ओवी हेच काम करते, असे माझे मत आहे. ती सावकाश चालते आणि प्रसंगात थांबायला लावते. स्टीफन्स यांनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. त्या श्रोत्याला देवाकडे जाण्यासाठी आपली भाषा ओलांडून जावे लागले नाही.

सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये आपल्या पुण्यातच, प्रसाद प्रकाशनाने काढली. संपादक शांताराम बंडेलू. उपवासकाळात मी रोज दहा ओव्या वाचतो. जुने शब्द अडतात, काही दिवस मन कोरडेच राहते. तरी वाचतो.

यंदा काकूंनी ते पुस्तक मागून नेले. परवा त्यांच्या खिडकीतून ओव्या ऐकू आल्या. चाल त्यांच्या पारायणाचीच होती.