पिंपातला उजेड

दक्षिण प्रशांत महासागरात टोकेलाऊ नावाचा एक चिमुकला प्रदेश आहे. ते स्वतंत्र राष्ट्र नव्हे. न्यूझीलंडच्या छत्राखालील तीन प्रवाळबेटे, एवढाच त्याचा विस्तार. लोकवस्ती सुमारे दीड हजार. विमानतळ नाही, बंदरही नाही. सामोआतील आपिया येथून जहाज निघते, ते एक दिवसाहून अधिक काळाने पोहोचते आणि माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर उतरतो.

या बेटांवरील वीज वर्षानुवर्षे याच मार्गाने येत असे, डिझेलच्या पिंपांतून. खरेदीची किंमत एक, दारात पडणारी किंमत दुसरी. हा फरक व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

सन 2012 मध्ये तिन्ही बेटांवर मिळून 4,032 सौर पट्ट्या आणि 1,344 बॅटऱ्या बसविण्यात आल्या. न्यूझीलंड सरकारने त्यासाठी सुमारे 70 लाख न्यूझीलंड डॉलर आगाऊ दिले. ही आगाऊ रक्कमच निर्णायक ठरली. डिझेल पिंपापिंपाने विकत घेता येते. सूर्यप्रकाश फुकट असला, तरी तो पकडण्याचा बहुतेक खर्च पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. तेवढे भांडवल लहान बेटांच्या तिजोरीत क्वचितच असते.

जगाच्या हरितगृह वायूंत सर्व लहान द्वीपराष्ट्रांचा मिळून वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यांनी सारे डिझेल बंद केले, तरी समुद्राची पातळी वाढायची थांबणार नाही. त्यांच्या सौरऊर्जेकडे केवळ पर्यावरणाचा आदर्श म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे आहे. आयात इंधनापायी बाहेर जाणारा पैसा घरात राहतो, हे कारण अधिक रोकडे आणि अधिक टिकाऊ.

आपल्या शेजारच्या मालदीवचे उदाहरण याची दुसरी बाजू दाखविते. अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी 2009 मध्ये दहा वर्षांत देश कार्बनमुक्त करण्याची घोषणा केली, त्याच वर्षी समुद्राच्या तळाशी मंत्रिमंडळाची बैठकही भरविली. छायाचित्रे जगभर गाजली; उद्दिष्ट मात्र मुदतीत साधले नाही. वस्तीची बेटे दोनशेच्या आसपास, बहुतेकांचे जनित्र स्वतंत्र, पर्यटकांच्या बेटांचेही वेगळे. सर्वांना जोडणारे वीजजाळे नाही आणि पट्ट्या पसरायला मोकळी जमीनही थोडी.

टोकेलाऊचाही हिशेब मिटलेला नाही. खात्रीची वीज आल्यावर घराघरांत उपकरणे वाढली, मागणी चढली आणि ढगाळ दिवसांसाठी राखून ठेवलेली जनित्रे पुन्हा अधिक वेळ चालू लागली. बॅटऱ्यांनाही आयुष्य असते. नव्या बॅटऱ्या आणायच्या, त्या त्याच जहाजाने.