१३९ वर्षं हुलकावणी देणारं जहाज या हौशी लोकांनी २ तासांत कसं शोधलं?

१५ सप्टेंबर १८८६. रात्रीचे २ वाजलेले. अमेरिकेतल्या लेक मिशिगनमध्ये वादळ सुरू होतं आणि 'एफ. जे. किंग' नावाचं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज बुडत होतं. पोटात लोहखनिज भरलेलं, लाटांच्या माऱ्याने फळ्यांचे सांधे उघडलेले. खलाशांनी कित्येक तास पंपाने पाणी उपसलं. शेवटी कप्तान विल्यम ग्रिफिनने सगळ्यांना होडीत उतरवलं. जहाज नाकावर बुडालं, मागची केबिन हवेच्या दाबाने उडाली आणि कप्तानाचे कागद ५० फूट वर उडाले म्हणतात.

माणसं वाचली. जहाज मात्र गायब झालं, ते थेट २८ जून २०२५ ला सापडलं. आणि शोधणारे कोण? सरकार नाही, नौदल नाही, खजिन्याच्या मागे लागलेली कंपनीही नाही. सुट्टीच्या दिवशी बोटीवर आलेले २० हौशी लोक.

आता तुम्ही म्हणाल, सरोवरात जहाज हरवतं तरी कसं? तर आपल्या रंकाळ्याचा अंदाज इथे कामाचा नाही. उत्तर अमेरिकेतल्या पाच 'ग्रेट लेक्स'चं क्षेत्रफळ मिळून सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर भरतं. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. रस्ते आणि रेल्वे पुरेशा नव्हत्या तेव्हा धान्य, लाकूड, खनिज सगळं याच पाण्यावरून जायचं. तळाशी सुमारे ६,००० जहाजं असतील, असा अंदाज नेहमी सांगितला जातो.

'किंग' शोधणाऱ्या संस्थेचं नाव विस्कॉन्सिन अंडरवॉटर आर्किऑलॉजी असोसिएशन. नाव भारदस्त असलं तरी कारभार स्वयंसेवकांचा. कुणी पाणबुडा, कुणी गावाच्या इतिहासाचा नाद असलेला.

यांचं खरं काम पाण्यात नाही, कागदात होतं. जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, विम्याची कागदपत्रं, कप्तानांचे जबाब, दीपगृहांच्या नोंदी. 'किंग'चा घोळ तिथेच होता. कप्तान म्हणाला, जहाज बेलीज हार्बरपासून ५ मैलांवर बुडालं. दीपगृहाचा रखवालदार विल्यम सँडर्सन याने मात्र किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ, पाण्याबाहेर डोकावणाऱ्या डोलकाठ्या पाहिल्या होत्या. शोधणारे १९७०च्या दशकापासून फिरत होते. एका डायव्हिंग क्लबने तर १,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कुणालाच काही मिळालं नाही आणि 'किंग'चं नाव 'भुताचं जहाज' पडलं.

या टीमने साधा विचार केला. मध्यरात्र, वादळ, काळोख. आपण नेमके कुठे आहोत हे कप्तानाला कळलंच नसेल तर? म्हणून त्यांनी रखवालदाराच्या नोंदीभोवती २ चौरस मैलांचा चौकोन आखला आणि 'साइड स्कॅन सोनार' पाण्यात सोडला. हे यंत्र बोटीमागे ओढत न्यायचं, ते आवाजाच्या लहरी सोडून तळाचं चित्र काढतं. शेत नांगरताना एका तासाला लागून दुसरं तास घालतात ना, तशा फेऱ्या मारायच्या. एरवी यात उन्हाळेच्या उन्हाळे जातात. इथे २ तासही लागले नाहीत. जहाज रखवालदाराने सांगितलेल्या जागेपासून अर्ध्या मैलाच्या आत होतं. खनिजाच्या वजनाने तुकडे झाले असतील असं वाटलं होतं, पण सांगाडा जवळजवळ अखंड निघाला.

दरवेळी असं नशीब नसतं. मिशिगन शिपरेक रिसर्च असोसिएशन या दुसऱ्या स्वयंसेवी संस्थेने १९५० मध्ये ५८ जणांसह याच सरोवरात कोसळलेलं विमान २० वर्षं शोधलं. वेगळीच बुडालेली जहाजं सापडत गेली, विमान नाही. २०२५ मध्ये शोध थांबला. पण त्या शोधादरम्यानच, २००८ मध्ये, किनाऱ्यावर वाहून आलेले अवशेष एका दफनभूमीत निनावी पुरले होते हे उघड झालं. घरच्यांना तोवर कुणी कळवलंच नव्हतं. विमान मिळण्याइतकंच हेही मोठं, असं मला वाटतं.

बरं, लाकडी जहाज इतकी वर्षं टिकतं कसं? समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे किडे असतात. गोड्या पाण्यात ते जगत नाहीत, त्यात इथलं खोल पाणी थंडगार. १८८१ मध्ये बुडालेलं 'ट्रिनिडॅड' २०२३ मध्ये सापडलं, तेव्हा खलाशांची ताटंवाट्या आतच होती. त्या जहाजावर एकच जीव गेला होता, स्टोव्हपाशी झोपलेला जहाजाचा कुत्रा.

पण आता हा वेळ संपत चाललाय. १९८०च्या दशकाच्या शेवटी परदेशी जहाजांनी तोल राखायला भरलेल्या पाण्यातून क्वागा नावाचे चिमुकले शिंपले इथे आले. त्यांनी पाणी गाळून स्वच्छ केलं, त्यामुळे बुडालेली जहाजं दिसायला सोपी झाली. पण तेच शिंपले लाकडावर थरावर थर चढवतात आणि त्या वजनाने डेक आणि भिंती खचतात. लोखंडही त्यांच्यामुळे गंजतं. खालच्या चार सरोवरांत शिंपले न चढलेलं जहाज मिळणं आता अवघड झालंय.

म्हणूनच ही मंडळी घाईत आहेत. जहाज वर काढायचं नसतंच. अमेरिकेत १९८८ पासूनच्या कायद्याने अशी बेवारस जहाजं राज्याची मालमत्ता ठरतात, विस्कॉन्सिनमध्ये साधी बशी उचलणंही गुन्हा. त्यामुळे हजारो फोटो काढायचे, ते जोडून संगणकावर जहाजाचं थ्रीडी मॉडेल करायचं आणि नोंद राज्याकडे द्यायची. 'किंग'चं ठिकाण सापडलं त्या दिवशी जाहीर केलं नाही. आधी राज्याच्या पुरातत्त्वज्ञांनी मोजमापं घ्यायची, मग बाकीच्या पाणबुड्यांनी बघायला जायचं, असं ठरलं.