जोड कोण लावतो ?

रात्रीचे साडेदहा वाजण्याचा सुमार. डोंबिवलींतील किंवा कल्याणांतील एखाद्या बिऱ्हाडांत वडील लोकलच्या गर्दींतून नुकतेच परतून पानावर बसलेले असतात. आणि इतक्यांत आंतल्या खोलींतून महाविद्यालयांत जाणाऱ्या चिरंजिवांचा संतापाचा उद्गार ऐकूं येतो. ‘हरण्याचें कांहीं वाटत नाहीं, बाबा; पण मॅचच मुळीं विषम लावतात !’ ‘लावतात म्हणजे कोण लावतात ?’ असें वडील विचारतात. या साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाहीं. मुलगा दार ओढून घेतो, आई मोबाईलला दोष देते, आणि जेवण मुकाट्यानें संपतें. वडिलांचा प्रश्न मात्र मोलाचा आहे. ऑनलाइन खेळांत जोड कोण लावतो, कोणत्या नियमानें लावतो, आणि त्या नियमाबद्दल एवढा असंतोष कां, याचा विचार केल्यास मुलाचा त्रागा सर्वस्वीं पोरकट नाहीं आणि सर्वस्वीं खराही नाहीं, असें दिसून येईल.

‘जोड लावणें’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राला परिचित आहे तो कुस्तीच्या आखाड्यामुळें. गांवच्या जत्रेंत आरंभीं रेवड्यांवर लहान मुलांच्या कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम चढत जाते, आणि शेवटीं नांवाजलेल्या मल्लांची कुस्ती लागते. प्रत्येक वेळीं पंच दोन गड्यांना समोरासमोर उभे करतात आणि वय, अंगकाठी, तालीम व पूर्वीची कामगिरी पाहून निर्णय देतात. गडी अनोळखी असला तर त्याचे मोडलेले कानच त्याची तालीम सांगतात. जोड विषम वाटली तर गडी नकार देतो, प्रेक्षक ओरडतात, आणि पंचांना ती बदलावी लागते. या व्यवस्थेंत चूक होत नाहीं असें नाहीं. परंतु पंच डोळ्यांसमोर असतात व त्यांना जाब विचारतां येतो, एवढें समाधान असतें.

ऑनलाइन खेळांत हा पंच दिसत नाहीं. पब्जी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्यें बंदी आल्यानंतर जुलै २०२१ मध्यें ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ हा खेळ भारतांत आला. जुलै २०२२ मध्यें त्यालाही अडविण्यांत आलें, आणि मे २०२३ मध्यें तो परतला. त्यांत शंभरपर्यंत खेळाडू एकाच बेटावर उतरतात. ‘व्हॅलोरंट’मध्यें पांचांविरुद्ध पांच लढतात. एकमेकांस सर्वथा अनोळखी असलेल्या इतक्या माणसांची जोड थोडक्या वेळांत लावावयाची, तर प्रत्येकाचें बळ एका आंकड्यांत मांडण्यावांचून गत्यंतर नाहीं. ही युक्ति मोबाईलहून पुष्कळ जुनी आहे. हंगेरींत जन्मलेले आणि लहानपणींच अमेरिकेंत गेलेले अर्पाद एलो (१९०३–१९९२) हे मिलवॉकी येथें पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनीं बुद्धिबळासाठीं सिद्ध केलेली पद्धति अमेरिकेच्या बुद्धिबळ संघानें १९६० मध्यें व ‘फिडे’ या जागतिक संघटनेनें १९७० मध्यें स्वीकारली.

एलो यांची कल्पना सुटसुटीत आहे. खेळाडूचें बळ प्रत्यक्ष मोजतां येत नाहीं. मोजतां येतात ते निकाल. म्हणून दोघांच्या आंकड्यांतील अंतरावरून निकालाचा अंदाज आधीं बांधावयाचा, आणि अंदाज व निकाल यांत जेवढी तफावत पडेल त्या प्रमाणांत आंकड्याची दुरुस्ती करावयाची. आंकडे सारखे असतील तर प्रत्येकाकडून निम्म्या गुणांची अपेक्षा असते. दोनशेंचें अंतर असेल तर वरचढाकडून शंभरांपैकीं सुमारें ७६ गुणांची, आणि चारशेंचें असेल तर सुमारें ९१ गुणांची. समजा, १५०० चा खेळाडू १७०० च्या खेळाडूशीं भिडला आणि दुरुस्तीचें प्रमाण २० धरलें. पहिला हरला तर त्याचे सुमारें पांचच गुण जातात, कारण त्याचें हरणें अपेक्षितच होतें; जिंकला तर मात्र पंधरा मिळतात. उलटपक्षीं १७०० च्या खेळाडूला विजयाचें बक्षीस पांचाचें आणि पराभवाचा दंड पंधराचा. ‘जिंकलों तर चिमूटभर देतात, हरलों तर ओंजळभर काढून घेतात,’ या नेहमींच्या गाऱ्हाण्याचा उगम पुष्कळदां येथें असतो.

या पद्धतींत एक उणीव होती. चार डाव खेळलेल्याच्या आणि चार हजार डाव खेळलेल्याच्या आंकड्यावर सारखाच विश्वास ठेवणें शहाणपणाचें नव्हे. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञानें १९९५ मध्यें आंकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही मोजण्याची रीत दिली. पुढें मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं ‘ट्रूस्किल’ या पद्धतींत तीच दृष्टि सांघिक खेळांना लावली. नवख्या खेळाडूचा आंकडा त्यामुळें आरंभीं झपाट्यानें हलतो व पुढें हळूहळू स्थिरावतो. आणि नेमकें त्याच वेळीं खेळाडूला वाटूं लागतें कीं, आपल्याला कोणी तरी मुद्दाम रोखून धरलें आहे. त्यांत आणखी एक गुंतागुंत अशी कीं, अनेक खेळांत आंकडे दोन असतात : एक जोड लावण्यासाठीं वापरावयाचा गुप्त आंकडा, आणि दुसरा ब्राँझ, गोल्ड, डायमंड अशा पायऱ्यांचा, मिरविण्याचा. ‘व्हॅलोरंट’च्या कर्त्यांनीं ही गोष्ट उघड सांगितली आहे. मिरविण्याची पायरी गुप्त आंकड्याच्या पुढें गेली कीं विजयाचे गुण कमी व पराभवाचा दंड जास्त, असा हिशेब सुरू होतो. खेळाडूला हिशेब दिसत नाहीं. दिसतो तो केवळ दंड.

परंतु असंतोषाचें खरें मूळ याहून खोल आहे. जोड जितकी अचूक लागेल, तितका प्रत्येकाच्या विजयाचा वांटा निम्म्याजवळ येतो. खेळ सुधारला कीं प्रतिस्पर्धीही वरचे मिळूं लागतात, आणि श्रम करणाऱ्याला आपण जागच्या जागींच आहोंत असा भास होतो. न्याय्य व्यवस्थेचें फळ सतत यश हें नसून समसमान झुंज हें आहे, ही गोष्ट मनाला सहजासहजीं पटत नाहीं. शिवाय योगायोगाचे लहरी फटके असतातच. नाण्याच्या फेकीइतके निःपक्षपाती असे वीस डाव प्रत्येकानें खेळले, तरी सरासरी दर चार खेळाडूंपैकीं एकावर सलग पांच किंवा अधिक पराभवांचा प्रसंग येतो. शंभर डाव खेळल्यास तोच प्रसंग पांचांपैकीं चौघांवर येतो. ज्याच्यावर तो येतो त्याला तो योगायोग वाटत नाहीं, कारस्थान वाटतें.

दुसरी अडचण लोकलनें प्रवास करणाऱ्यांना चटकन उमगेल. डोंबिवलीच्या फलाटावरील नोकरदार मोकळ्या गाडीची वाट पाहत राहिला तर कचेरीची वेळ टळते. येईल त्या गाडींत शिरला तर दारांत लोंबकळावें लागतें. जोड लावणाऱ्या यंत्रापुढेंही हाच पेंच असतो. बळ अगदीं तुल्य हवें असेल तर थांबावें लागतें. लगेच खेळावयाचें असेल तर मिळेल तो प्रतिस्पर्धी पत्करावा लागतो. आणि तुल्यबळ खेळाडू दूरदेशीं सांपडला तर संदेश जाण्या-येण्यांत विलंब होऊन नेम चुकतो. तुल्यबळ जोड, अल्प प्रतीक्षा आणि जवळचा सर्व्हर हे तीनही लाभ एकत्र मिळणें कठिण. मध्यरात्रीनंतर, जेव्हां खेळणारे थोडे उरतात, तेव्हां विषम जोडी वाढतात त्या यामुळेंच.

लबाडीचा भाग निराळा. मुरलेला खेळाडू नव्या खोट्या नांवानें खालच्या पायरीवर उतरतो आणि नवशिक्यांना लोळवितो. आखाड्यांत मोडलेले कान लपत नाहींत. येथें नांव बदललें कीं सारा इतिहास पुसला जातो. ‘डोटा २’ या खेळाच्या चालकांनीं सप्टेंबर २०२३ मध्यें अशीं ९०,००० खातीं बंद केलीं, यावरून रोगाचा विस्तार ध्यानांत यावा. अशा प्रसंगीं मुलाची तक्रार अक्षरशः खरी असते.

मालकांच्या हेतूविषयींही शंका घेतली जाते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. ॲक्टिव्हिजन या कंपनीला अमेरिकेंत २०१७ मध्यें एक पेटंट मिळालें. खेळाडूंना खरेदीचा मोह पडेल अशा रीतीनें जोडी लावण्याची कल्पना त्यांत होती. ती कोणत्याही खेळांत वापरलेली नाहीं, असें कंपनीनें तेव्हां सांगितलें. पुढें २०२४ मध्यें त्याच कंपनीनें आपल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बळ पाहून जोड लावण्याचा नियम गुपचूप सैल केला असतां बहुसंख्य खेळाडू खेळाकडे कमी वळूं लागले. लाभ झाला तो मूठभर अव्वल खेळाडूंना. तात्पर्य, नियमाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज ज्यांचा, त्यांचें हित आणि नवशिक्यांचें हित एकच नसतें. तथापि ज्याच्या मैदानावर खेळ, तोच पंच आणि तोच दुकानदार, ही स्थिति असेपर्यंत संशय मावळणें कठिण आहे.

आंकडा म्हणजे अंतिम सत्य नव्हे, हें बुद्धिबळाच्या क्षेत्रानेंही मान्य केलें आहे. करोनाच्या साथींत प्रत्यक्ष स्पर्धा बंद पडल्या. या काळांत असंख्य मुलें घरीं संगणकावर खेळून तयार झालीं, पण त्यांचें अधिकृत मानांकन जुनेंच राहिलें. स्पर्धा पुन्हां सुरू होतांच कमी मानांकनाच्या या मुलांनीं मोठ्यांचे गुण ओढून घेतले, आणि खालच्या पायऱ्यांवरील आंकडे खऱ्या बळापेक्षां फार उतरले. अखेर १ मार्च २०२४ रोजीं फिडेनें २००० च्या खालील सर्वांचें मानांकन एका सूत्रानें वाढविलें : २००० ला जेवढे कमी, त्याच्या चार दशांश इतकी वाढ. १५०० चे १७०० झाले, १००० चे १४०० झाले. ठाणें-डोंबिवलींतील मानांकित मुलांचे आंकडेही त्या दिवशीं याच सूत्रानें बदलले. खेळ मात्र आदल्या दिवशीं होता तोच होता. आणि जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुखनें महिला विश्वचषक जिंकला, तेव्हां मानांकनाच्या क्रमानें त्या स्पर्धेंत ती पंधरावी होती. आंकडा कालच्या निकालांचा गोषवारा देतो. उद्यांची बाजी तो खेळत नाहीं.

आतां त्या जेवणाच्या पानाकडे परत पाहिलें म्हणजे वडिलांना उत्तर देतां येतें. जोड लावतें तें एक सूत्र; त्याला मुलाची जिद्द, थकवा किंवा त्या संध्याकाळीं गेलेली वीज यांपैकीं कांहींच ठाऊक नसतें. सूत्राचा राग व्यर्थ आहे. पण मुलाची व्यथाही हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ज्या घरांत दहावीची टक्केवारी आणि सीईटीचा पर्सेंटाइल यांवरून मुलाची किंमत ठरते, त्या घरांतील मुलानें खेळांतल्या पायरीवरून स्वतःची किंमत ठरवावी, यांत नवल तें काय ? पर्सेंटाइल इतरांच्या मानानें आपलें स्थान सांगतो, ज्ञान किती हें सांगत नाहीं. खेळांतील पायरीचेंही तसेंच आहे.

यावरून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. दहा-वीस डावांवरून कोणताही निष्कर्ष काढूं नये, कारण तेवढ्यांत योगायोगच अधिक बोलतो. आणि लागोपाठ दोन डाव हरल्यावर उठावें. रागाच्या भरांत खेळलेला तिसरा डाव बहुधा यंत्राच्या चुकीनें जात नाहीं, आपल्याच चुकीनें जातो. वडिलांपुरतें सांगावयाचें तर, ‘कितव्या पायरीवर आहेस ?’ असें विचारण्याऐवजीं ‘आज कोणता डाव चांगला खेळलास ?’ असें त्यांनीं एकदां विचारून पाहावें. त्या प्रश्नाला मात्र मुलाजवळ उत्तर असतें, आणि तें ऐकतां ऐकतां जेवणही गोड लागतें.