माळवदाखालून मशीनपर्यंत

पहाटे ५.२०
ताई डायलिसिस विभागाचं कुलूप उघडते. फोन साडेचारला आला होता. अंगावर ओला रेनकोट, पिशवीत रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मराठवाड्यातलं एक सरकारी रुग्णालय, किल्लारीपासून तासाभराच्या अंतरावर. आत आल्यावर ती आधी पाण्याकडे जाते. आरओचा पंप चालू करते. कार्बन फिल्टरमधून आलेलं पाणी परीक्षानळीत धरते, त्यात रसायनाचे थेंब टाकते. रंग यायला नको. पाण्यात क्लोरीन राहिलं तर पेशंटच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नळी उजेडाकडे धरून ती बघते. रंग नाही. वहीत वेळ लिहून सही करते.

५.४५
अपघात विभागात बेचाळीस वर्षांचा शेतमजूर. चार दिवस झड लागलेली. रात्री नऊला घराचं माळवद बसलं. खाली दगड-मातीची भिंत, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर. तुळई दोन्ही मांड्यांवर पडली. पाच तास तो तसाच होता. शुद्धीत होता, पाणी मागत होता. लोकांनी घमेल्यांनी माती उपसली. तुळई उचलायला दहा जण वाकले तेव्हा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. आधी हातात सुई, सलाइन जोरात सुरू, मग उचला म्हणाले. लोक चिडले. माणूस मरतोय आणि हे बाटल्या लावतायत!

डॉक्टरांचं बरोबर होतं. चिरडलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम दाबाखाली अडकून पडतं. वजन उचललं की रक्त पुन्हा फिरतं आणि ते सगळं हृदयाकडे निघतं. ढिगाऱ्यातून बोलत बाहेर आलेला माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

६.१०
रिपोर्ट येतो. पोटॅशियम ७.२. साडेतीन ते पाच असायला हवं. कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, रक्तात आम्ल वाढलेलं. ईसीजीच्या कागदावर उंच, टोकदार लाटा. सिस्टर कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी फोडते. दहा मिली, हळूहळू, डोळे मॉनिटरवर. बाजारात ही कुपी स्वस्तात मिळते. तिच्याने पोटॅशियम उतरत नाही, तेवढा वेळ हृदय सांभाळलं जातं. मग डेक्स्ट्रोज आणि इन्सुलिन. त्यांनी पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, काही तासांपुरतं. सलाइन चालूच आहे. रिंगर लॅक्टेटची, म्हणजे आरएलची बाटली कोणी लावू नये म्हणून डॉक्टर केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहितात, कारण तिच्यात पोटॅशियम असतं.

लघवीच्या पिशवीत जेमतेम अर्धी वाटी. रंग कोऱ्या चहाचा. स्नायूंतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकतंय.

६.५०
मानेतल्या शिरेत कॅथेटर बसतो. तोवर ताईने मशीन तयार ठेवलंय. आम्लाचा दहा लिटरचा कॅन ओढत आणला, बायकार्बोनेटची पावडर आरओच्या पाण्यात घोळली, नळ्यांमधली हवा टिचक्या मारून काढली. पाय टरारून फुगलेत. सर्जन दर तासाला येऊन बघणार आहेत, कदाचित मांडीला चिरे द्यावे लागतील. म्हणून रक्त पातळ ठेवणारं हेपारिन द्यायचं नाही. रक्त नळीत गोठू नये यासाठी ताईला दर अर्ध्या तासाने शंभर मिली सलाइन हाताने सोडावं लागेल. ती तळहातावर पेनाने वेळा लिहिते. ७.३०, ८.००, ८.३०.

७.१५
सहा मशीन आहेत, चालू पाच. पहिल्या पाळीचे पाच पेशंट दारात आहेत. एकाला थांबावं लागणार. पन्नाशीची एक बाई उठते. पहाटेच्या एसटीने अर्ध्या तिकिटात आलीय. सोबतच्या मुलाचा आजचा रोज बुडणारच होता, आता परतीची गाडीही चुकणार.

"मी बसते गं ताई. त्याला घे."

आठवड्यातून दोनदा मशीनवर येणारी ही बाई पोटॅशियम ओळखून आहे. केळं सोडलंय. भाजी उकळून पाणी फेकते, मग फोडणी देते.

८.३०
पेशंटची बायको शहाळं घेऊन येते. साठ रुपये. फाटकापाशी उसने घेतलेले.

"वहिनी, हे नाही द्यायचं."

"अशक्तपणा आलाय त्यांना."

"यातच ते आहे, जे आम्ही बाहेर काढतोय."

बाई शहाळ्याकडे बघत राहते. ताई ते तिच्याच हातात ठेवते. "तुम्ही प्या. रात्रीपासून पोटात काही नाही तुमच्या." मग तळहात बघते आणि क्लॅम्प उघडते. शंभर मिली.

१०.००
मिनिटाला पाचशे मिली द्रावण मशीनमधून वाहतं. चार तासांचे १२० लिटर. आरओ गाळताना वाया घालवतं ते वेगळं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो हा लातूरचा मुलूख. ताई टाकीची पातळी बघून येते आणि टँकरवाल्याला फोन लावते.

११.२०
चार तास पुरे. पोटॅशियम ५.३. लाटा खाली बसल्यात. डॉक्टर उभ्यानेच चहा घेतात.

चहा घेता घेता ते सांगतात, चिरडल्यानंतरचा हा आजार १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतल्या चार जखमींवरून लिहून ठेवला. चौघेही दगावले. तेव्हा डायलिसिस नव्हतं. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात स्पिटाकचा भूकंप झाला. माणसं ढिगाऱ्यातून निघाली, पण त्यांच्यासाठी मशीन पुरेनात. त्यानंतर जगभरातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी भूकंपासाठी पथक उभं केलं. १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कस्तानात मार्मारा हादरलं तेव्हा ते पथक लगेच पोचलं. ६३९ जणांच्या मूत्रपिंडांना इजा, त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस. मिळून पाच हजारांवर पाळ्या.

ताई मनातल्या मनात भागाकार करते. पाच मशीन, दिवसाला तीन पाळ्या.

"सर, वर्षभर लागेल आपल्याला."

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला किल्लारी हादरली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते निजले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक अशाच दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांखाली. ताई त्यानंतर जन्मली, पुनर्वसनाच्या गावात वाढली.

दुपारी १२.१०
मशीन आतून धुऊन निर्जंतुक झालं. थांबलेली बाई आता त्यावर. ताई भाकरी मोडते. ती कंत्राटावर आहे, हातात सोळा हजार येतात. पहाटेच्या फोनचे वेगळे पैसे नाहीत. स्कूटीचा हप्ता अडीच हजार.

४.००
पोटॅशियम पुन्हा ६.१. स्नायू अजून फुटतायत, आत ढकललेलंही परत आलंय. कॅल्शियम कमीच आहे, पण ईसीजी ठीक असल्यामुळे डॉक्टर ते भरून काढत नाहीत. आता स्नायूंत जाऊन बसलेलं कॅल्शियम पुढे परत रक्तात येतं आणि मग जास्तीचं होतं. दुसरी पाळी लावायची. ताई तळहात धुते आणि नव्या वेळा लिहिते.

रात्री ८.४०
पोटॅशियम ४.९. ताई रात्रपाळीच्या सिस्टरला वही देते. दर सहा तासांनी तपासणी, लघवीचं माप तासातासाला, आरएल नाही, फळ नाही, शहाळं नाही.

दाराशी पेशंटची बायको उभी आहे.

"किती दिवस लावायचं हे?"

"लघवी सुटेपर्यंत. दोन आठवडे, कधी तीन. एवढ्यातून निभावला तर मूत्रपिंडं बहुतेकांची पुन्हा कामाला लागतात."

"कायमचं नाही ना? त्या सकाळच्या बाईसारखं?"

"बहुतेकांना नाही लागत."

बाई बोटांवर दिवस मोजते. सोयाबीनची काढणी तीन आठवड्यांवर आली आहे. जोडीने गेलं तर दोन मजुऱ्या, यंदा एकच. मुलांना भावाकडे ठेवावं लागेल. ती विचारते, रुग्णालयात बायांना अंघोळीची सोय कुठे आहे. ताई तिला जिन्याखालचं न्हाणीघर दाखवते, नळाला पाणी कधी येतं ते सांगते आणि स्कूटीची किल्ली शोधू लागते.