आधी चेहऱ्याला बसेल ते

पाण्याखालची वाट : भाग 9

“भाऊ, सिलिंडर भेटून रायला. जुना आहे, पण स्वस्त आहे. घेऊन टाकू काय?”

फोन आमच्या दवनीवाड्याच्या एका पोराचा. हा पोरगा जानेवारीत तारकर्लीला जाऊन स्कुबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स करून आला. आता त्याच्याकडे 18 मीटरपर्यंत उतरायचा परवाना आहे, खिशात धानाच्या चुकाऱ्याचे थोडे पैसे आहेत आणि घरातल्यांची बोलणी खायची तयारीही आहे. असे फोन हल्ली मला बरेच येतात. म्हणून दाबाचा विषय एक आठवडा बाजूला ठेवतो आणि आधी काय विकत घ्यावं, हे सांगतो. कोर्स न करता मालवणात अर्धा तास प्रशिक्षकाचा हात धरून मासे बघून आलेल्यांनी मात्र काहीही घेऊ नये. फोटो आहेत तेवढे पुरेत.

सिलिंडरला मी लगेच नाही म्हणालो. नेहमीच्या वापरातला ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण 11 लिटरचा असतो आणि रिकामाच 14 किलोच्या आसपास भरतो. त्यात 200 बारच्या दाबाने हवा भरावी लागते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारवर दमतो. आणि दाबाचा प्रश्न सुटला तरी त्या हवेत तेलाचा अंश असतो, कधी इंजिनाचा धूरही. टायरला त्याने काही होत नाही. माणसाला होतं, कारण खोलीवर दाब वाढला की हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडचा मारही वाढतो. श्वास घेण्याजोगी हवा भरणारा वेगळा कॉम्प्रेसर लागतो, आणि तो जिथे रोज डायव्हिंग चालतं तिथेच परवडतो. शिवाय सिलिंडरची ठरावीक मुदतीने दाबचाचणी करावी लागते. जुन्या सिलिंडरवर शेवटच्या चाचणीचा शिक्का कधीचा आहे, हे विचारल्यावर पलीकडे शांतता पसरली. जगभर हिंडणारे डायव्हरसुद्धा सिलिंडर घरून नेत नाहीत. जिथे बुडी मारायची, तिथलाच घेतात.

आपल्याकडच्या माणसासाठी माझा हिशेब गाडीवरून सुरू होतो. गोंदियाहून समुद्राकडे जायचं म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. एकाच राज्यात 1,300 किलोमीटरहून जास्त धावून ती कोल्हापूरला पोचवते, तिथून घाट उतरून मालवण. अख्खी रात्र आणि वर जवळजवळ दिवस गाडीत काढायचा, म्हणजे जे बर्थखाली सरकवता येईल आणि परत आल्यावर अंगणातल्या दोरीवर वाळवता येईल, तेच आपलं. बाकीचं भाड्याचं. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा संस्था आहे, मालवणात खासगी केंद्रं आहेत. जड सामान तिथे मिळतंच.

तर पहिली खरेदी मास्क. का, तर भाड्याच्या सामानात सगळ्यात जास्त गैरसोय त्याचीच होते. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडाशी आणणारं यंत्र, कोणाच्याही तोंडात चालतो, पण मास्क एका चेहऱ्याला बसतो आणि शेजारच्याला गळतो. पहिल्याच बुडीत दर दोन मिनिटांनी नाकाशी पाणी येत असेल, तर माणूस मासे बघत नाही, घाबरतो. आणि घाबरला की हवा भराभर संपवतो. मी पहिला मास्क ऑनलाइन मागवला होता, फोटोतला निळा रंग बघून. तो माझ्या गालांसाठी केलेला नव्हता, एवढंच म्हणतो.

पारख अगदी सोपी आहे. पट्टा डोक्यामागे न घालता मास्क चेहऱ्यावर हलका टेकवायचा, नाकाने थोडी हवा आत ओढायची आणि हात सोडायचे. मास्क जागेवर चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला, किंवा कुठूनतरी बारीक फुस्स आवाज आला, तर पुढचा बघायचा. किंमत शेवटी बघा; चार-पाच हजारांत उत्तम मास्क येतो आणि कधी त्याहून स्वस्त मास्कच चेहऱ्याला नेमका बसतो. काच टेम्पर्ड असावी, कडा मऊ सिलिकॉनची असावी आणि नाक मास्कच्या आत यायला हवं. पोहण्याचा गॉगल चालत नाही तो याच कारणाने. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, आतली हवा आकसते आणि गॉगल डोळ्यांना ओढू लागतो. नाक आत असलं की हलकी हवा सोडून दाब सारखा करता येतो. आणि तो अख्खा चेहरा झाकणारा, वर नळी असलेला मास्क सध्या सगळीकडे दिसतो ना, तो पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत बघण्यासाठी आहे. त्याला स्कुबाशी जोडू नका.

चष्मा असेल त्यांनी तयार नंबरच्या काचा बसणारा मास्क मागावा, मिळतो. पाण्याखाली वस्तू मुळातच सव्वापटीहून मोठ्या आणि पाऊण अंतरावर असल्यासारख्या दिसतात, त्यामुळे अगदी थोडा नंबर असलेल्यांचं निभावतं. नव्या काचेवर कारखान्यातला बारीक थर असतो, तो राहिला तर मास्क धुकटतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळून दोन-तीनदा धुवा. आणि पाण्यात उतरण्याआधी काचेवर थुंकून विसळणं, यावर अजून तरी कोणी झकास उपाय काढलेला नाही.

दुसरी खरेदी ऐकून पोरगा बिचकला : डाइव्ह कॉम्प्युटर. मनगटावर घड्याळासारखा बांधतात, किंमत वीस हजारांच्या पुढे. एवढे पैसे घालायचेच तर रेग्युलेटर का नको, असा त्याचा प्रश्न. कारण असं. खोलीवर श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि उतींत विरघळत जातो. किती विरघळला, हे खोली आणि वेळ ठरवते. प्रचलित तक्त्याप्रमाणे 18 मीटरवर 56 मिनिटं राहता येतं, 30 मीटरवर फक्त 20. पण आपण काही एका खोलीवर खांबासारखे उभे राहत नाही. कधी 14 वर, कधी 9 वर, एखादं कासव दिसलं की पुन्हा खाली. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी हा हिशेब मांडतो आणि वेगाने वर येऊ लागलात तर ओरडतो. मिनिटाला 9 मीटर, त्याहून जोरात नाही.

आता भाड्याच्या कॉम्प्युटरची गोम बघा. सकाळच्या बुडीचा नायट्रोजन दुपारीही अंगात शिल्लक असतो, आणि तुमच्या मनगटावरचं यंत्र सकाळी पुण्याच्या कुणा पाहुण्याच्या हातात असेल तर ते त्या पाहुण्याचं शरीर मोजतंय, तुमचं नाही. म्हणून हे यंत्र उसनं नसावं.

परतीच्या वाटेवरही ते उपयोगी पडतं, कारण शिल्लक नायट्रोजनचा हिशेब तेव्हाही लागतो. बुडीनंतर विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं : एका बुडीनंतर निदान 12 तास, अनेक बुड्यांनंतर 18. पण कोल्हापूरची गाडी गाठायला कणकवलीहून फोंडा घाट चढतो, त्याचं काय? घाटमाथा साधारण 600 मीटरवर आहे, आणि उंचीचा हा नियम तिथूनच लागू धरतात. एसटीला पंख नाहीत म्हणून नायट्रोजन गप्प बसत नाही. शेवटच्या दिवशी बुडी मारू नका. मालवणात मासे-भात खा, झोपा, दुसऱ्या दिवशी घाट चढा.

बाकीचं पटकन सांगतो. फिन तिसऱ्या नंबरवर. टाचेला घासणारे भाड्याचे फिन दोन दिवसांत फोड आणतात. वेटसूट आपल्या समुद्रात 3 मिलिमीटरचा पुरतो, तोही भाड्याचा चालेल. रेग्युलेटर आणि हवा भरायचं जॅकेट वर्षाला आठ-दहा बुड्या मारणाऱ्याने घेऊ नये. वापरो न वापरो, रेग्युलेटरची दुरुस्ती-तपासणी करावीच लागते आणि ती करणारा गोंदियात बसलेला नाही. दुसऱ्याच्या तोंडातलं नको वाटत असेल तर फक्त तोंडात धरायचा सिलिकॉनचा तुकडा वेगळा मिळतो, काहीशे रुपयांत. तो न्या आणि केंद्रातल्या माणसाकडून बसवून घ्या. कॅमेरा पंचवीस बुड्यांनंतर. हे माझं मत आहे, भांडायला मोकळे आहात.

इतकं झाल्यावर पोराने खरी गोष्ट सांगितली. सिलिंडर त्याला समुद्रासाठी नकोच होता. वैनगंगेत कोणी बुडालं की ढिवर बांधवांना हाक जाते, ते डोंगा घेऊन येतात, श्वास रोखून तळ चाचपतात. तेव्हा आपण काठावर उभे असतो, म्हणाला, आणि आता आपल्याला येतं ना!

येत नाही. हे मला कडक शब्दांत सांगावं लागलं. तारकर्लीला शिकला तो निळ्या पाण्यात, प्रशिक्षकाच्या नजरेत, सोबतीसह. नदीच्या डोहात हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. तळाशी बाभळीच्या फांद्या, तुटकी जाळी, वर ओढ. तिथे दोरी धरणारा काठावर लागतो, दोरीच्या खुणांची भाषा लागते, अडकला तर काढायला दुसरा तयार लागतो. त्याचं शिक्षणच वेगळं आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला आहेत त्या त्यासाठी. सिलिंडर पाठीवर असला की एकटा माणूस जास्त वेळ खाली राहतो, आणि अडकायलाही त्याला जास्त वेळ मिळतो. नदीकाठी ठेवायचंच असेल काही, तर लांब दोर आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब ठेव, म्हटलं. दोन्हींना मिळून मास्कच्या किमतीइतकेही पैसे लागत नाहीत.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बरं, सिलिंडर नाही घेत.” आणि फोन ठेवता ठेवता : “पण भाऊ, मास्कसाठी मिशी काढा लागते काय?”

सगळी नाही. नाकाच्या लगेच खाली, जिथे सिलिकॉनची कड टेकते, तेवढीच केसभर पट्टी साफ करायची. खाली मिशी तशीच राहते.

(पुढच्या आठवड्यात : कानाचे दडे आणि दाबाचं राहिलेलं गणित)